अंगणातलं तळं: नाशिकच्या काळ्या मातीत दीड वर्ष

बेडूक, चतुर, टाचण्या आणि पाण्यावर येणारे पक्षी यांच्यासाठी अंगणात छोटं तळं करायचं, हा विचार जानेवारी २०२४ मध्ये पक्का झाला. जागा नाशिकमधल्या बंगल्याच्या सोसायटीतली, मागच्या अंगणाची. सुरुवातीला मनात दोनच भीत्या होत्या: डास, आणि कुणा लहान मुलाला अपघात. या दोन्हींवर उपाय आहेत. काम करताना प्रत्यक्ष अडचण झाली ती मातीची आणि काठाची, म्हणून खाली त्यांबद्दल जरा जास्त लिहिलं आहे.

आधी कागदपत्रं. सोसायटीच्या समितीकडे १२ जानेवारीला अर्ज दिला. सोबत हाताने काढलेला नकाशा जोडला: तळ्याची जागा, कंपाउंडपासूनचं अंतर, खोली, जादा पाणी कुठे जाणार. अर्जात ‘तळं’ एवढंच लिहिलं तर समितीला विहिरीएवढा खड्डा दिसतो, म्हणून मापं ठळक लिहा. १८ फेब्रुवारीच्या बैठकीत विषय आला आणि ६ मार्चला ना-हरकत पत्र मिळालं. अटी तीन: खोली दोन फुटांच्या आत, वर जाळी, आणि दर आठवड्याला डासांच्या अळ्यांची तपासणी करून वहीत नोंद. तिसरी अट आधी जाचक वाटली. पुढे सगळ्यात उपयोगी ठरली तीच. या वाट पाहण्याच्या दिवसांत बांधकामाचा जुना नकाशा काढून पाण्याची, ड्रेनेजची आणि पाइप गॅसची लाइन कुठून जाते ते बघून घेतलं. कुदळ मारण्याआधी हे केलंच पाहिजे.

जागा ठरवताना तीन गोष्टी पाहिल्या. दिवसाला पाच-सहा तास ऊन हवं. वर झाड नको, कारण गळलेली पानं तळाशी कुजतात, पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि शेवाळाला खत पुरवतात. तिसरी गोष्ट बहुतेक जण चुकतात: अंगणातली सगळ्यात सखल जागा घेऊ नये. तिथे पाणी आपोआप साठेल हे खरं, पण लॉनचं आणि कुंड्यांचं खतही वाहून तिथेच येतं.

माप ठरलं दहा फूट लांब, सात फूट रुंद, कडा गोलसर. मधे तीन बाय अडीच फुटांचा भाग दोन फूट खोल. त्याभोवती एक फूट खोलीची पायरी, तिच्यावर सहा इंचांची. लांबीच्या एका टोकाला मात्र पायरी नाही, नुसता उतार: पाच फुटांत एक फूट. हा उतार म्हणजे तळ्याचा दरवाजा. बेडकाचं पिल्लू याच वाटेने बाहेर पडतं, बुलबुल इथेच पाय भिजवून आंघोळ करतो, आणि चुकून पडलेली खार किंवा मांजराचं पिल्लू इथूनच वर येतं. सरळ उभ्या भिंतीच्या हौदात हे सगळे जीव बुडून मरतात. असं केल्यावर पाण्याचा पृष्ठभाग साधारण ५६ चौरस फूट आणि पाणी सुमारे १,६०० लिटर होतं.

खोदाई २० आणि २१ एप्रिलला झाली. दोन माणसं, दोन दिवस, माणशी ८०० रुपये रोज: ३,२०० रुपये. एप्रिलमधली काळी माती विटेसारखी असते, म्हणून आदल्या संध्याकाळी जागेवर पाणी सोडून ठेवलं. वरची माती आणि खालचा मुरूम यांचे ढीग वेगळे करायला सांगा. मुरूम पुढे लागतो आणि एकदा मिसळला की निवडता येत नाही. निघालेली माती पाऊण ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) आसपास भरते, ती कुठे टाकायची हे आधी ठरलेलं हवं.

सिमेंटचा हौद का नाही, असं बरेच जण विचारतात. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पातळ सिमेंटला त्यात तडे जातात आणि चांगलं आरसीसी (सळ्या घातलेलं काँक्रीट) करायचं तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो. शिवाय नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, त्यामुळे ते पाणी पुन्हा पुन्हा बदलावं लागतं. नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागांच्या शेततळ्यांना जो प्लास्टिकचा कागद घालतात, तोच इथे सोयीचा. ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा घ्या, पातळ घेऊ नका. मोठ्या शेततळ्यांच्या कापणीतून उरलेले तुकडे पिंपळगाव बसवंत, दिंडोरी भागातल्या विक्रेत्यांकडे मिळतात. मापाचा हिशेब असा: लांबी, अधिक खोलीची दुप्पट, अधिक दोन्ही बाजूंना एकेक फूट. म्हणजे १० + ४ + २ = १६ फूट, आणि रुंदीला ७ + ४ + २ = १३ फूट. १८ बाय १४ चा तुकडा २,४०० रुपयांना मिळाला. जास्तीचा एक-दोन फूट कागद वाया जात नाही. कमी पडला तर मात्र जोड द्यावा लागतो आणि तो घरी देता येत नाही, कारण या प्लास्टिकला साधा डिंक धरत नाही, मशीनने गरम करून वेल्डिंग करावं लागतं.

खड्डा महिनाभर उघडा राहिला. त्या उन्हात त्याच्या भिंतींना बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. एका अर्थी बरंच झालं, माती कुठे हलते ते आधीच दिसलं. भेगांत चाळलेला मुरूम ठासून भरला आणि पाणी मारून धुमसाने चोपला. मग हाताने चाचपून टोकदार खडे वेचले. हे काम बिनचपलेने करा, डोळ्यांना न दिसलेला खडा तळपायाला सापडतो. त्यावर दोन इंच धुतलेली क्रश सँड पसरली.

कागदाखाली अस्तर लागतं. जुनी गोणपाटं आणि सुती सतरंज्या वापरू नका, वाळवी त्यांना एका पावसाळ्यात संपवते. २० मेला लोकसभेचं मतदान झालं आणि गावभर फ्लेक्स निघाले. मांडववाल्याकडून तसे बारा फ्लेक्स पाचशे रुपयांत मिळाले. ते दोन थरांत अंथरले, टोकं एकमेकांवर चढवली पण चिकटवली नाहीत, म्हणजे खाली शिरलेल्या पाण्याला वाट राहते. घुशींचा वावर असेल तर काठाभोवती एक फूट खोलीपर्यंत बारीक लोखंडी जाळी उभी पुरा. घूस कागद कुरतडते आणि भोक सापडेपर्यंत तळं अर्धं होतं.

कागद अंथरला २६ मेला, भर दुपारी, कारण उन्हात तो मऊ पडतो. चार जणांनी चार कोपरे धरून सैल सोडायचा. ताणायचा नाही, ताणलेला कागद पाण्याच्या वजनाने पायरीच्या कोपऱ्यावर पातळ होतो आणि तिथेच फाटतो. वळणावर जास्तीचा कागद गोळा होतो, त्याच्या साडीच्या निऱ्यांसारख्या एकाच दिशेने घड्या घाला. दहा लहान घड्यांपेक्षा तीन मोठ्या बऱ्या, त्यांच्यात गाळ कमी अडकतो. तळाशी थोडं पाणी सोडून, पाणी चढेल तसतशा निऱ्या सरळ करत वर यायचं.

काठाची पातळी डोळ्यांनी ठरवू नका. गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या, एक टोक एका खुंटीला धरून दुसरं काठाभोवती फिरवा. आमचा काठ नजरेला सपाट दिसत होता, नळीने पूर्वेला तीन इंच खाली निघाला. तसाच ठेवला असता तर पश्चिमेला तीन इंच कागद कायम उघडा राहिला असता. उघडा कागद उन्हाने कडक होतो, तडकतो आणि त्यावरून प्राणी घसरतात. काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा तीन इंच उंच घेतला आणि एकाच जागी एक इंचाची खाच ठेवली, जादा पाणी तिथून बाहेर पडायला.

इथवर सगळं नीट होतं. मग जूनचा पहिला जोराचा पाऊस झाला आणि सकाळी पाहिलं तर तळ्याच्या मधोमध कागद पुरीसारखा टम्म फुगलेला. आत जेमतेम आठ इंच पाणी होतं. लॉनच्या बाजूने मुरलेलं पाणी कागदाखाली शिरलं होतं, काळ्या मातीतून ते खाली झिरपत नव्हतं, आणि बाहेरच्या पाण्याची पातळी आतल्यापेक्षा वर गेल्यामुळे त्याने कागद उचलून धरला होता. अशा वेळी फुगा फोडायचा मोह होतो. भोक पाडू नका. काठाची एक घडी उचलून खाली नळी सरकवली आणि सायफनने पाणी काढलं, तीन तास लागले. मग वरच्या बाजूला दोन फूट खोल, एक फूट रुंद चर खणून त्यात भोकं पाडलेला तीन इंची पीव्हीसी पाइप टाकला, वरून खडी भरली आणि पाइपाचं तोंड खालच्या केळीच्या वाफ्यात काढलं. खर्च सहाशे रुपये आणि एक रविवार. चर आधी खणा, कागद नंतर घाला. आणि पाऊस सुरू व्हायच्या आत तळं जमेल तेवढं भरून ठेवा. आतल्या पाण्याचं वजन असलं की कागद उठत नाही.

भरायला पावसाचंच पाणी सगळ्यात चांगलं, कारण त्यात क्षार आणि नायट्रेट फार कमी असतात. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ३०० चौरस फुटांच्या गच्चीवरून साठ मिलिमीटर पावसात हे तळं भरतं. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी गच्चीवरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येतं, ते बाहेर सोडा. नळाचं पाणी घ्यावं लागलं तर ड्रममध्ये दोन दिवस उघडं ठेवून मग ओता, क्लोरीन उडून जातं. फक्त त्या ड्रमवर कापड बांधा, नाहीतर डासांची खरी पैदास तिथेच होते. ७ जुलैला पाणी खाचेपर्यंत आलं.

लगेच एक नवं कोडं: पाऊस उघडला की रात्रीत अर्धा-पाऊण इंच पाणी कमी. गळतीच असणार असं वाटलं. गळती तपासायची सोपी रीत अशी: एक बादली तळ्याच्याच पाण्याने भरून सहा इंची पायरीवर ठेवा, बादलीत आणि तळ्यात खूण करा आणि चोवीस तासांनी मोजा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ती वाफ. तळ्यात जास्त उतरलं तर गळती. इथे तळ्यातच जास्त उतरत होतं, पण कागदाला भोक नव्हतं. काठ झाकायला टाकलेली माती एका बाजूला थेट पाण्यात उतरली होती, आणि दिव्यातली वात तेल ओढते तशी ती पाणी ओढून लॉनला देत होती. कागदाची कड तिथे दोन इंच उभी करून आतली आणि बाहेरची माती तोडली. दुसऱ्या दिवशी दोन्ही खुणा सारख्या.

काठावर काथ्याची चटई आणि तिच्यावर गुळगुळीत दगड ठेवले. उतारावर बारीक गोटे. तळाशी फक्त धुतलेली वाळू. बागेतली माती, शेणखत, गांडूळखत यातलं काहीही तळ्यात जाऊ देऊ नका. झाडं जाळीच्या टोपल्यांत साध्या चिकण मातीत लावली आणि वरून वाळूचा थर दिला. खोल भागात एक छोटी कुमुदिनी, पाण्याखाली हायड्रिला आणि हॉर्नवर्ट, उथळ पायरीवर वेखंड आणि ब्राह्मी, बाहेरच्या ओल्या मातीत वाळा. नऊशे रुपये. पाणकणीस लावू नका, त्याचे टोकदार कंद कागद फोडतात. कमळ एवढ्या तळ्याला झेपत नाही. पाणवेली तर कुंडीभरही आणू नका, गोदावरीवर तिचा थर पाहिलेल्या नाशिककराला वेगळं सांगायला नको. नांदूरमध्यमेश्वरहून रोपं उपटून आणण्याचा विचारही करू नका, ते अभयारण्य आहे आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. रोपवाटिकेतून आणलेलं रोपसुद्धा आठवडाभर पांढऱ्या टबात ठेवून बघा. मुळांत टिकलीएवढी तरंगती पानं किंवा गोगलगायींची अंडी असतात.

जुलैच्या मध्याला पाणी पालकाच्या सूपासारखं हिरवं झालं. नव्या तळ्यात हे होणारच. पाणी बदललं की नवे क्षार येतात आणि हिरवेपणा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. काठीला पांढरी बशी बांधून पाण्यात सोडायची आणि कितव्या इंचाला दिसेनाशी होते ते लिहायचं. १८ जुलैला पाच इंचांवर, ११ ऑगस्टला चौदा, सप्टेंबरच्या सुरुवातीला बशी तळाला टेकली तरी दिसत होती. मधल्या काळात हायड्रिला वाढू दिली, बाकी काही केलं नाही.

आता डास. तळं भरल्यावर डास आठवड्याभरात येतात, कारण अंड्यापासून उडत्या डासापर्यंत जायला त्यांना सात ते दहा दिवस पुरतात. त्यांना खाणाऱ्या चतुराच्या अळीला मोठं व्हायला महिना-दोन महिने लागतात. हे मधले सहा-आठ आठवडे सांभाळणं, एवढंच डासांचं गणित आहे. दर रविवारी सकाळी पांढरा एनॅमलचा मग घेऊन काठाने दहा ठिकाणी पाणी उचलायचं, विशेषतः झाडांच्या बुडाशी. उचलताना आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका, अळ्या क्षणात खाली जातात. मगात बघा: पृष्ठभागाला समांतर आडवी पडते ती ॲनोफिलीसची अळी, डोकं खाली करून तिरकी लटकते ती क्युलेक्सची किंवा एडिसची. १४ जुलैला दहा मगांत २३ अळ्या निघाल्या. त्या दिवशी बीटीआयचे दाणे टाकले, पुडीवर लिहिलेल्या प्रमाणात. हा एक जिवाणू आहे, त्याचं विष डासाच्या अळीच्या पोटात काम करतं आणि बेडूकमाशांना, चतुरांना त्रास देत नाही. दहा-दहा दिवसांनी तीनदा टाकला, खर्च ४५० रुपये. चौथ्यांदा लागला नाही.

जळकं तेल ओतू नका, त्याने पाण्यातलं सगळंच गुदमरतं. धूर फवारणीची गाडी गल्लीत आली की तळ्याच्या बाजूला धूर न सोडण्याची विनंती करा. पालिकेचे अळी तपासणारे कर्मचारी ऑगस्टमध्ये आले तेव्हा नोंदवही पुढे ठेवली. त्यांनी स्वतः मग बुडवून पाहिला आणि गप्पी मासे सोडायचं सुचवलं. हौदाला आणि विहिरीला गप्पी ठीक आहेत. वन्यजीवांच्या तळ्यात ते सोडू नयेत, हे आम्ही ठामपणे सांगू. डासांच्या अळ्यांबरोबर ते बेडकांची अंडी, बारीक बेडूकमासे आणि चतुरांच्या कोवळ्या अळ्याही खातात. शिवाय तळं भरून वाहिलं की पावसाळी गटारातून नाल्यात आणि तिथून गोदावरीत जातात, आणि हा मासा आपल्याकडचा नाही. कासव तर अजिबात आणू नका. देशी कासव घरी ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, आणि बाजारात मिळणारं लाल कानाचं परदेशी कासव तळ्यातलं सगळं संपवतं.

बाहेरून प्राणी आणावे लागत नाहीत. पहिल्या आठवड्यात पाण्यावर चालणारे किडे आले, मग पाठीवर पोहणारे, आणि हे दुसरे डासांच्या अळ्या भराभर खातात. जुलैच्या शेवटी वेखंडाच्या बुडाशी काळे मणी ओवलेल्या लांबलचक पारदर्शक दोऱ्या दिसल्या: भेकाची, म्हणजे टोडची अंडी. २९ ऑगस्टला सकाळी सहा वाजता वेखंडाच्या पानावर, पाण्यापासून चार बोटं वर, चतुराची अळी चढून बसली होती. तिची पाठ उभी चिरली होती आणि त्यातून ओलसर, दुमडलेल्या पंखांचा फिकट चतुर अर्धा बाहेर आला होता. पाऊण तास तो तसाच होता. पंख सरळ झाले, काचेसारखे झाले, आणि ऊन पानावर आल्यावर तो उडाला. रिकामं कवच तिथेच राहिलं. उभ्या पानांची झाडं काठाला हवीत ती यासाठी. पान नसेल तर अळीला पाण्याबाहेर चढायला जागा नसते.

सुरक्षिततेची जाळी ऑगस्टमध्येच बसली: लोखंडी चौकटीवर चार इंची चौकोनांची वेल्डमेश, खोल भागावर, पाण्याच्या दोन इंच खाली. ४,५०० रुपये, एकूण खर्चातला सगळ्यात मोठा आकडा. बेडूक आणि पानं तिच्यातून आरपार जातात, मूल जात नाही. तरीही लहान मुलांना तळ्यापाशी एकटं सोडत नाही.

साप येतात का? बेडूक आले की दिवड येतो, तो बिनविषारी आहे. पण नाशिकमध्ये नाग आणि घोणसही आहेत, त्यामुळे काठाचं गवत घोट्याच्या खाली ठेवतो, विटांचे आणि लाकडांचे ढीग जवळ ठेवत नाही आणि रात्री बॅटरीशिवाय तिकडे जात नाही. शेजाऱ्यांना हे आधीच सांगितलं. साप दिसल्यावर सांगण्यापेक्षा ते बरं.

हिवाळ्यात काम थोडं. फेब्रुवारीत हायड्रिला एक तृतीयांश काढली. काढलेलं शेवाळ आणि झाडं रात्रभर उतारावर ठेवतो, त्यातले जीव परत पाण्यात जातात, मग ते खतात. तळं कधीही पूर्ण उपसायचं नाही, चतुरांच्या अळ्या गाळातच असतात. एप्रिल २०२५ मध्ये रोज आठ मिलिमीटर पाणी उतरत होतं, म्हणजे चाळीस-बेचाळीस लिटर, तीन बादल्या. एकदम न भरता एक दिवसाआड सहा बादल्या घालत होतो, दोन दिवस ठेवलेलं पाणी. मेमध्ये अवकाळीने ते काम आपोआप हलकं केलं.

खोदाई, कागद, फ्लेक्स, चर, जाळी, झाडं आणि बीटीआय यांत वाळूचे सातशे आणि काथ्याच्या चटईचे अकराशे मिळवले तर जून २०२५ पर्यंतचा खर्च १४,३५० रुपये. नोंदवहीत तोवरच्या शेवटच्या दहा रविवारी दहा मगांत मिळून जास्तीत जास्त दोन अळ्या होत्या. जून २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वेखंडाच्या बुडाशी पुन्हा काळ्या मण्यांच्या दोऱ्या दिसल्या, आदल्या वर्षीपेक्षा सात आठवडे आधी. त्या पिल्लांना पाय फुटून ती उतारावरून बाहेर पडेपर्यंत त्या बाजूचं गवत कापायचं थांबवलं.